इंदूला न्यायला आलेला मुराळी

माझं फारसं कुणाशी जमत नाही. स्वभावाला औषध नाही, हे मला मान्य आहे. जी माणसं माझ्यासाठी थांबली त्यांच्याशीसुद्धा मी एकदा तरी भांडून घेतलं आहे. एका माणसाशी मात्र मला कधी धड भांडता आलं नाही. मायाप्पा त्यांचं नाव. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत त्यांनी उभं आयुष्य काढलं. त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी इंदूची गोष्ट सांगावी लागते, आणि गंमत अशी की इंदू कधी नव्हतीच.

कृष्णाकाठच्या एका गावात तेव्हा रेडिओ केंद्र होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली काही मंडळी अजून हयात आहेत आणि माझी जीभ त्यांना ठाऊक आहे. रोज संध्याकाळी तिथून शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागायचा. आधी बाजारभाव, मग हवामान, मग उसावरच्या खोडकिडीला काय फवारावं ते, आणि त्यानंतर पंधरा मिनिटं 'पांदीकडचं घर'. एका शेतकरी कुटुंबाची ही मालिका नऊ वर्षं चालली होती. आबा, आबांची बायको, दोन मुलगे, तीन लेकी आणि एक म्हैस. म्हशीचा आवाज नऊ वर्षं एकच माणूस काढायचा आणि तो स्वतःला मुख्य नट समजायचा. या नऊ वर्षांत आबांनी इतकं खत घातलं आणि इतक्या विहिरी खणल्या, की ऐकणारे कंटाळले. पत्रं येईनाशी झाली. मग १९७८च्या उन्हाळ्यात ठरलं, घरात नवी माणसं आणायची.

नवे आवाज तीनच मिळणार होते. मालिका लिहायचे आण्णाप्पा मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी तीन माणसं तयार केली: ढोरांचा डॉक्टर, मेंढरं राखणारा रवळू, आणि धाकट्या मुलाची नवी बायको इंदू. इंदू निपाणीकडची. ती मी झाले. मी बेळगावची. त्यामुळे बोली आयतीच मिळाली, शिकवायचे कष्ट वाचले म्हणून मास्तर खूश होते.

इंदूला आई नव्हती, बाप नव्हता, भाऊ नव्हता. मास्तरांचं काळीज दगडाचं होतं म्हणून नव्हे. भाऊ दिला की त्याला बोलावं लागणार, आणि चौथा आवाज आणायचा कुठून? आवाज नाही म्हणून भाऊ नाही, इतकी साधी गोष्ट.

नव्या माणसाकडं गाव जसं बघतं तसंच ऐकणाऱ्यांनी आमच्याकडं बघितलं. डॉक्टर लगेच आवडला, कारण तो कमी बोलायचा. रवळूला लोक हसले. इंदूवर मात्र पोस्टकार्डांचा पाऊस पडला. ही कुठली आणली? लई बोलते. थोरल्या जावेला उलटून बोलते, हिला परत पाठवा. एका आजोबांनी तर लिहिलं होतं की इंदूला जरा पदर घ्यायला सांगा. रेडिओवर पदर! मी ते कार्ड साहेबांपुढं, म्हणजे आमच्या निर्मात्यांपुढं, आपटलं. ते म्हणाले, "शालूबाई, शिव्या येतायत म्हणजे लोक ऐकतायत. गप बसा."

आता माझं सांगते. माझे वडील मारुतीराव. बेळगावात शहापूरला त्यांचं खणा-साड्यांचं दुकान. सीमालढ्यात दोनदा तुरुंगात जाऊन आलेले. कन्नड त्यांना उत्तम यायचं, पण गिऱ्हाईक सोडून कुणाशी ते बोलायचे नाहीत. अशा माणसाच्या पोरीनं लग्न कुणाशी करावं? तर गुरुपादशी. या रेडिओच्या गावातल्या बँकेत नोकरीला, घरी कन्नड बोलणारा. त्याचं मराठी माझ्या आप्पांपेक्षा शुद्ध होतं, पण ते सांगायची सोय नव्हती. आप्पा एवढंच म्हणाले, "या दारानं गेलीस तर या दारानं परत यायचं नाही." मीही त्यांचीच मुलगी. म्हटलं, नाही येणार.

म्हणणं सोपं असतं. श्रावण आला की कळतं. आमच्या भागात नागपंचमीला लग्न झालेली पोर माहेरी जाते, आणि तिनं एकटीनं जायचं नसतं. माहेराहून कुणीतरी न्यायला यावं लागतं. भाऊ, चुलता, कुणीही. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला की तुझ्या पाठीशी कुणीतरी आहे, असा सासरी त्याचा अर्थ होतो. माझ्या लग्नानंतर तीन पंचम्या गेल्या आणि कुणी आलं नाही. आई असती तर तिनं काही केलं असतं. पण ती मी शाळेत असतानाच गेली होती. दर वर्षी पंचमीच्या आधी आठ दिवस मी गेटकडं बघायचं टाळायची. म्हणजे बघतच असायची.

मालिका कॅलेंडरप्रमाणे चालायची. पंचमीच्या आधीच्या आठवड्यातला भाग मास्तरांनी असा लिहिला होता: आबांच्या तिन्ही लेकी माहेरी आल्यात, थोरल्या जावेला न्यायला तिचा भाऊ उद्या येणार म्हणून निरोप आलाय, आणि इंदू चुलीपाशी बसलीय. जाऊ विचारते, "तुझं कोण येणार गं?" इंदूनं हसून म्हणायचं, "माझं कोण येतंय आक्का, मी हितंच बरी." मग डॉक्टर येऊन म्हशीला लस टोचणार, असा तो भाग.

मला हसता आलं नाही. 'माझं कोण येतंय' एवढं म्हणाले आणि माझा आवाज फुटला. मायक्रोफोनपुढं मी अशी रडले की म्हशीचा माणूससुद्धा गप्प झाला. मी म्हटलं, परत घेऊ. साहेब काचेपलीकडून हात हलवत होते. त्यांनी ते तसंच ठेवलं आणि तसंच ते लागलं.

पंचमी तीन दिवसांवर होती. आम्ही पुढच्या भागाच्या तालमीला बसलो होतो. पहारेकरी हसत हसत आत आला. म्हणाला, "बाहेर एक म्हातारा आलाय. इंदूला न्यायला आलोय म्हणतोय." सगळे हसले. मीही हसले असणार. साहेब म्हणाले, आत आणा, बघू तरी.

मायाप्पा आत आले. पंचावन्नच्या पुढचे, काटकुळे, धुतलेलं धोतर, डोक्याला पांढरी टोपी, हातात फडक्यात बांधलेला डबा. दारातच त्यांनी चपला काढल्या. मधूनमधून खोकत होते. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि लहान मुलाला समजवावं तसं समजवायला सुरुवात केली. हे नाटक आहे बाबा, हे सगळं आम्ही लिहितो, इंदू नावाची बाई नाही, तिला सासर नाही, ती चूल पण नाही. मायाप्पांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले,

"सायेब, खोटं हाय ते आमास्नी ठावं हाय. आमची माणसं काय येडी न्हाईत. पर आमच्या गल्लीतल्या बायका म्हनल्या, रडनं खोटं न्हवतं. जी बाई रडली ती खरी असंल. तिला घिऊन या म्हनल्या. म्हून आलतो."

कुणी हसलं नाही. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मला का कोण जाणे, संतापच आला. आपलं उघडं पडलेलं दुसऱ्या कुणाला दिसलं की येतो तसला. मी म्हटलं, "मी रडले होते. पण माझं माहेर बेळगावला आहे. तुम्ही कोण मला न्यायला येणार?"

"बेळगावासनं कोण आलंय का?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. खरोखर विचारत होते, म्हणजे कुणी आलं असेल तर आपण आल्या पावली जावं म्हणून.

मी हातातली तालमीची पानं उगाच सारखी केली.

"मंग मी बसतो," ते म्हणाले.

शिपायानं चहा आणला. त्यांनी घेतला नाही. पाणी आणलं, तेही नाही. बाहेर गेटापाशी कडुलिंबाखाली जाऊन बसले. तालीम संपेपर्यंत, म्हणजे अडीच-तीन तास, ते तिथंच होते. मी बाहेर आले तेव्हा उभे राहिले. मी म्हटलं, निदान पाणी तरी प्यायचं. तेव्हा त्यांनी मला त्यांची रीत सांगितली. पुढं मला कळलं की त्यांच्या गल्लीत ही रीत सगळ्यांना पाठ होती.

झालं होतं असं. माळावरच्या त्यांच्या वस्तीतले तरणे पुरुष इचलकरंजीच्या मागांवर नाहीतर मुंबईला. पंचमीला पोरी आणायला जाणार कोण? मग मायाप्पा जायचे. आधी स्वतःच्या बहिणीला, मग शेजारच्या पोरीला, मग होता होता सगळ्या गल्लीचे ते मुराळी झाले. एका श्रावणात सात-सात पोरी त्यांनी आणल्या होत्या, वखारीतनं सुट्टी न मागता, पाळी बदलून घेऊन. आणि एकदाही ते रिकाम्या हातानं परतले नव्हते. सासरची माणसं कसलीही असोत. पेरणी राहिलीय म्हणोत, सासू आजारी आहे म्हणोत. मायाप्पा भांडायचे नाहीत, आवाज चढवायचे नाहीत. दारात बसायचे आणि पाण्याला शिवायचे नाहीत.

"चा घेतला की पाव्हना झालो," त्यांनी मला सांगितलं. "पाव्हन्याला सांजच्याला निरोप देता येतो. बसलेल्या मुराळ्याला काय करनार? शेवटाला म्हंत्यात, घिऊन जा बाबा एकदाची."

मी हसले आणि तिथंच हरले. म्हटलं, "चला, माझ्या घरच्यांना विचारा मग." मला वाटलं होतं गमतीत संपेल. ते खरोखरच निघाले.

घरी गुरुपाद होता आणि माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही अव्वा म्हणायचो. अव्वांना मराठी जेमतेम. त्या आतून विचारत्या झाल्या, "यारु?" कोण आहे? मी उत्तर शोधत होते तेवढ्यात उंबऱ्याबाहेर उकिडवे बसलेले मायाप्पा कन्नडमध्ये म्हणाले, "नानु इवळ अण्णा." मी हिचा भाऊ. वखारीत निम्मी माणसं कन्नड. ती भाषा म्हणजे त्यांच्या हातचा मळ होती. अव्वा बाहेर आल्या, त्यांना खालवर बघितलं, माझ्याकडं बघितलं. तीन वर्षं ही सून श्रावणात का चिडचिड करते हे त्या बाईला नेमकं ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "होगि बा." जाऊन ये. गुरुपाद तर आधीच माझी पिशवी शोधत होता. इतकी घाई बघून मला त्याचा रागच आला.

चिकोडीवरून जाणाऱ्या बसमध्ये मायाप्पा माझ्या शेजारी बसले आणि पहिल्याच थांब्याला म्हणाले, "आदीच सांगतो बाई. आमी बौद्ध. मागनं बोल न्हाय लागाय पायजे. आमच्यात जेवशील न्हवं?"

मी "हो, हो" म्हटलं. घाईनंच म्हटलं. खोटं कशाला लिहू? आत काहीतरी आकसलं होतं. आमच्या शहापूरच्या घरी परसात येणाऱ्या गड्यासाठी वेगळी कपबशी होती. कोनाड्यात पालथी घातलेली. मी मोठमोठ्या गप्पा मारून लग्न केलेली बाई, आणि मला त्या बसमध्ये ती कपबशी आठवली. मायाप्पांना ते दिसलं असणार. ते खिडकीबाहेर बघायला लागले आणि चांगली दोन गावं मागं पडेपर्यंत बघत राहिले. मला सावरायला त्यांनी वेळ दिला. त्याची लाज मला आजही वाटते, आणि त्यांनी मला लाज वाटू दिली नाही याचं ऋण आजही आहे.

त्या गल्लीत मी चार दिवस राहिले. दारादारांत बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. सुपात कापलेला पाला, जर्दा, दोऱ्याची रीळ. बोटं थांबत नाहीत, मान वर होत नाही. गल्लीत रेडिओ एकच, मायाप्पांचा. बायकांचे हात गुंतलेले म्हणून संध्याकाळी मायाप्पा तो कट्ट्यावर घेऊन बसायचे आणि खरखर आली की कळ फिरवायचे. असं त्यांनी माझं रडणं ऐकलं होतं. मायाप्पांच्या बायकोनं, शेवंताबाईंनी, मला हाताला धरून आत नेलं आणि सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं, "आली गं!" मग पंधरा-वीस बाया गोळा झाल्या. एक म्हणाली, "बोल की गं जरा." मी बोलले. ती दुसरीला म्हणाली, "तीच हाय." बस्स, एवढीच माझी परीक्षा.

मला कुणी कामाला हात लावू दिला नाही. मी हट्टानं एक विडी वळली. शेवंताबाईंनी ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "ही वडायला दोगं लागतील." कासार बोलावून हिरव्या बांगड्या भरल्या. माहेरी आलेली त्यांची लेक अंजना आणि मी चिंचेच्या झोक्यावर बसलो, तंबिटाचे लाडू खाल्ले, आणि पोरीबाळी फेर धरून घसा बसेपर्यंत गायल्या. घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. मी भोळेपणानं विचारलं, तुम्ही पंचमी करता? मायाप्पा म्हणाले, "नागोबाला आमी पुजत न्हाय. पर पोरीला आनतो. पोरीनं काय कुणाचं वाकडं केलंय?"

निघताना शेवंताबाईंनी माझी ओटी भरली, आणि मी त्यांच्या खांद्यावर रडले. या वेळी मायक्रोफोन नव्हता. जाण्याआधी त्यांनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं होतं: आप्पा कोण, घर कुठं, दुकान कुठल्या गल्लीत. मी समजले, बायकांच्या चौकशा.

मालिकेत इंदूला माहेर मिळालं नाही ते नाहीच. दोन वर्षांनी 'पांदीकडचं घर' बंद झालं. म्हशीच्या माणसानं आठवडाभर कुणाशी बोलणं टाकलं होतं. मला पोस्टकार्डं येणं थांबलं. पण मायाप्पांचं येणं थांबलं नाही. एकोणऐंशी, ऐंशी, एक्याऐंशी, ब्याऐंशी. दर पंचमीच्या आधी दोन-तीन दिवस गेटावर खोकला ऐकू आला की अव्वा आतूनच सांगायच्या, तुझा अण्णा आला. ते दारात बसायचे, पाण्याला नको म्हणायचे. आमच्या घरी कुणी अडवणार नव्हतं, तरी रीत म्हणजे रीत. तोवर मीही त्यांना अण्णा म्हणायला लागले होते. ब्याऐंशी साली त्यांनी माझ्यासाठी साडी आणली, अंजिरी रंगाची, शहापुरी काठांची. म्हणाले, शेवंतानं घेतलीय. मी म्हटलं, इतकी भारी कशाला? ते खोकायला लागले आणि बोलणं तिथंच राहिलं.

त्या वर्षापासून त्यांचा दम फार वाढला होता. वखारीत तंबाखू चाळताना जी धूळ उडते ती नाकातोंडात जाते, आणि तीस-पस्तीस वर्षांनी ती आपली किंमत वसूल करते. फाटकापासून दारापर्यंत यायला त्यांना मधे थांबावं लागायचं. मी दवाखान्यात नेते म्हटलं की म्हणायचे, "मुराळी दवाखान्यात जात न्हाय, लोक काय म्हनतील." अशा माणसाशी भांडणार कसं?

त्र्याऐंशीचा श्रावण. पंचमीला दोन दिवस होते. रिक्षा थांबल्याचा आवाज आला, मागोमाग खोकला. मी दार उघडलं. मायाप्पा फाटकाला धरून उभे होते, आणि त्यांच्या मागं आप्पा.

आठ वर्षांत माझे आप्पा म्हातारे झाले होते. कोट तोच होता, पण आतला माणूस कमी झाला होता. मी दारात तशीच उभी राहिले. आतून अव्वांनी विचारलं, कोण आलंय? मायाप्पांनी आप्पांकडं फक्त बघितलं. आप्पांनी घसा साफ केला आणि जन्मात पहिल्यांदा दुकानाबाहेर कन्नड बोलले, "नानु इवळ अप्पा." मी हिचा बाप. अव्वांनी हातातलं टाकलं आणि धावत बाहेर आल्या.

मग सगळं बाहेर पडलं. आप्पांनीच सांगितलं, माझ्याकडं न बघता, जमिनीकडं बघत. एकोणऐंशीपासून दर पंचमीच्या आधी हा माणूस बेळगावला त्यांच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसत होता. एकच प्रश्न विचारायचा: "तुमी जाताय का मी जाऊ? पयला हक तुमचा." पहिल्या वर्षी आप्पांनी त्याला हाकलून दिलं. दुसऱ्या वर्षी नोकराकरवी सांगितलं, कुणाचं काही घेणं-देणं नाही. तिसऱ्या वर्षी विचारलं, बरी आहे का? चौथ्या वर्षी आत जाऊन एक साडी आणून त्याच्या हातात दिली, आणि म्हणाले, माझं नाव सांगायचं नाही. ती अंजिरी साडी. आणि यंदा हा माणूस पायरीवर बसला तेव्हा त्याला उठताच येईना. आप्पांनी हाताला धरून उठवलं. उठवलं ते उठवलं, आणि मग हात सोडवेना. तसेच बस स्थानकावर गेले.

मी मायाप्पांवर ओरडले. खरंच ओरडले, पहिल्यांदा आणि शेवटचं. "चार वर्षं तुम्ही तिथं जाताय, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही?"

"सांगून काय करू?" ते म्हणाले. "तू वाट बघत बसली असतीस. मला बघायची सवय हाय, तुला न्हाय."

"पण कशाला? मी मागितलं होतं का? मला तुम्ही होताच की!"

ते जरा थांबले. दम खाल्ला. मग म्हणाले, "मी काय जलमभर येनार हाय? वखारीनं छाती खाल्लीया माजी. माज्या मागं तुला आनाय कोन येनार, ह्येचा घोर हुता मला. आता सुटला."

आप्पा पायरीवर बसले आणि त्यांनी चेहरा हातांत घेतला. गुरुपाद आत गेला, बाहेर आला, परत आत गेला. त्याला काय करावं कळत नव्हतं. अव्वांनी मात्र सरळ चूल पेटवली.

त्या वर्षी तिघं मिळून निघालो. मी आधी निपाणीला उतरले. आप्पा बसमधून उतरले नाहीत, त्यांना जमलं नाही. मला त्याचा राग आला आणि मायाप्पांनी तो माझ्या चेहऱ्यावर बघितला. "पयल्या दिशी न्हाय जमत," ते हळूच म्हणाले. "तुला तरी जमलं हुतं का?" चार दिवसांनी आप्पा मला न्यायला आले ते विचारत विचारत थेट माळावर आले. शेवंताबाईंनी त्यांना कट्ट्यावर बसवून ठेवलं, संध्याकाळपर्यंत पोर सोडली नाही, आणि पोर म्हणजे काय, कशी सांभाळायची असते, ते तोंडावर ऐकवलं. सगळी गल्ली विड्या वळत ते ऐकत होती. आप्पा खाली मान घालून "खरं आहे, खरं आहे" म्हणत राहिले. मग त्यांच्यापुढं ताट आलं. भाकरी, आमटी, हरभऱ्याची भाजी. ते जेवले. मी आठ वर्षांनी बेळगावच्या घरात पाय ठेवला. कोनाड्यातली कपबशी दुसऱ्या दिवशी मीच फोडली. आप्पा बघत होते.

माघात मायाप्पा गेले. अंजनाचं पत्र पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मी गेले, शेवंताबाईंजवळ आठ दिवस राहिले. गल्लीतल्या प्रत्येक बाईकडं मायाप्पांनी तिला किंवा तिच्या पोरीला कधी, कुठल्या गावाहून, कसं आणलं याची एक गोष्ट होती. हात चालू ठेवून त्या सांगत होत्या. माणूस वखारीतला हमाल होता, कुठल्या कागदावर त्याचं नाव आलं नाही, पण त्या गल्लीत एक घर असं नव्हतं की जे त्याचं देणं लागत नव्हतं. मीही त्यातलीच एक होते, आणि तिथं बसून मला स्वतःचं नशीब मोठं वाटलं.

पुढच्या श्रावणात पंचमीच्या तीन दिवस आधी मी गेटकडं बघायचं टाळत होते. या वेळी खरंच टाळत होते. खोकला ऐकू येणार नाही हे मला माहीत होतं. दुपारी फाटक वाजलं. आप्पा एकटेच आले होते. ते उंबऱ्याबाहेर बसले, मी पाणी आणलं तर हातानंच नको म्हणाले.

"आवर लवकर," ते म्हणाले. "आधी निपाणीला जायचंय. शेवंताबाई वाट बघतायत."